प्रादेशिक विकासात पदव्युत्तर शिक्षण : ग्रोनिंगन की डॉर्टमुंड?

फी आणि रँकिंग नंतर बघा. पदवी घेऊन काम कुठे करायचं, हे आधी ठरवा, कारण विषय सारखा असला तरी हे दोन अभ्यासक्रम वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाचं इकॉनॉमिक जिऑग्राफीचं एमएस्सी एक वर्षाचं, ६० क्रेडिटचं. तिथे एक क्रेडिट म्हणजे २८ तास, म्हणजे वर्षाला १,६८० तासांचं काम. भर विश्लेषणावर : उद्योग एकाच भागात का एकवटतात, काही प्रदेश मागे का राहतात. सांख्यिकी कच्ची असेल तर दम लागतो, आणि वर्षभरात ती भरून काढायला उसंत मिळत नाही. युरोपबाहेरच्यांना सवलतीची फी नाही. रक्कम पाच आकडी युरोत जाते. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड तंत्रविद्यापीठाचा ‘स्प्रिंग’ हा प्रादेशिक नियोजनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा : पहिलं वर्ष डॉर्टमुंडला, दुसरं घाना, टांझानिया, फिलिपिन्स अशा देशांतल्या भागीदार विद्यापीठात. हा विकसनशील देशांतल्या नियोजनकारांसाठी आहे. युरोपीय निधीचं (युरोपीय संघ मागास प्रदेशांना देतो त्या पैशाचं) व्यवस्थापन शिकायला इथे गेलात तर हिरमोड होईल. भारतात परतून नगररचना किंवा जिल्हा नियोजनात काम करायचं असेल तर मात्र हाच उजवा. डाडची (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) ईपॉस ही विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती हवी असेल तर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. एक अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर निवास परवाना रद्द होऊ शकतो. दुसऱ्या वर्षासाठी निघण्यापूर्वीच परदेशी नागरिक कार्यालयाकडून मुदत लेखी वाढवून घ्या.

युरोपातच निधी व्यवस्थापनात शिरायचं असेल, तर ते काम कसं चालतं ते बघा. ज्या प्रदेशाचं दरडोई सकल उत्पादन (जीडीपी) युरोपीय संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली, तिथल्या प्रकल्पांचा ८५ टक्क्यांपर्यंत खर्च युरोपीय संघ उचलतो. (महाराष्ट्राच्या दांडेकर समितीने १९८४च्या अहवालात जिल्ह्यांचा अनुशेष राज्याच्या सरासरीवरूनच काढला होता; विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे गणित परकं वाटणार नाही.) पण तिथे पैशाला मुदत असते. २०२१-२७च्या कार्यक्रमात २०२६पर्यंतच्या प्रत्येक वर्षाच्या तरतुदीचे दावे त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर पोचले नाहीत, तर उरलेली रक्कम हातची जाते. त्यामुळे रोजचं काम म्हणजे निविदांची कागदपत्रं, पात्र खर्चाची छाननी आणि लेखापरीक्षण, आणि तेही पोलिश, जर्मन किंवा इटालियनमध्ये. संघाच्या कायम नोकऱ्यांना सहसा सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. म्हणून इथे पदवीइतकीच, किंबहुना जास्तच, स्थानिक भाषा मोजली जाते. बी-२ (भाषेवर बऱ्यापैकी प्रभुत्व) पातळीखाली मुलाखतीपर्यंत पोचणंही अवघड.

जर्मनीचं ठरलं तर एपीएस प्रमाणपत्राचा (भारतीय पदव्या खऱ्या असल्याची जर्मन पडताळणी) अर्ज सगळ्यात आधी टाका. पडताळणीला कित्येक आठवडे जातात आणि व्हिसाचं काम तिथेच अडून बसतं. नेदरलँड्ससाठी ते लागत नाही.