एआय कंटेंटचे पहिले पन्नास वर्गणीदार: यूट्यूब, व्हॉट्सॲप की पेट्रिऑन?

एआयकडून मजकूर, आवाज, चित्रं करून घेणं आता कुणालाही जमतं, आणि विकणाऱ्याची खरी अडचण तीच आहे. समोरच्याला जे स्वतःच्या मोबाइलवर फुकट मिळतं, त्याचे तो दरमहा पैसे का देईल? तो पैसे देतो ते निवडीचे, तपासणीचे आणि वेळेवर हातात पडण्याचे. म्हणून आधी तुमचा वर्गणीदार कोण हे ठरवा आणि मग मार्ग निवडा. नाशिकमध्ये बसून काम करणाऱ्यासमोर आज तीन मार्ग आहेत: यूट्यूबची मेंबरशिप, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर यूपीआयने वर्गणी, आणि पेट्रिऑनसारखं, चाहत्यांकडून दरमहा वर्गणी घेऊन देणारं परदेशी प्लॅटफॉर्म.

यूट्यूब: ओळख पटकन, पैसा उशिरा

मेंबरशिपचं बटण चालू व्हायला ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत किमान ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तास वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर ३० लाख व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमधला पाहण्याचा वेळ त्या ३,००० तासांत धरला जात नाही, हे अनेकांना अर्ज करतानाच कळतं.

आता हिशोब बघा. समजा मेंबरशिप ५९ रुपये. त्यात धरलेला १८% जीएसटी (५० वर ९ रुपये) वजा केला की ५० उरतात, त्याचे ७०% म्हणजे ३५ रुपये तुमचे. पन्नास मेंबर झाले तर महिन्याला १,७५०. पण ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या ज्या खात्यात ही कमाई जमते तिथे, १०० डॉलर साचल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. डॉलर नव्वदच्या आसपास धरला तर हे नऊ हजार रुपये होतात, म्हणजे जाहिरातींचं उत्पन्न नसेल तर पाच महिन्यांहून जास्त वाट. शिवाय १० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी गूगलकडून पोस्टाने पिन येतो. त्याला दोन ते चार आठवडे लागतात आणि पत्ता अर्धवट लिहिला असेल तर त्याहून जास्त. घर नंबर, सोसायटीचं नाव, जवळची खूण आणि पिनकोड पहिल्याच दिवशी नीट भरा.

दुसरी अडचण कंटेंटचीच. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने ‘रिपीटिशस’ कंटेंटच्या धोरणाला ‘इनऑथेंटिक’ असं नाव दिलं आणि एका साच्यातून काढलेले व्हिडिओ कमाईला पात्र नाहीत हे स्पष्ट केलं. एआय वापरायला बंदी नाही. पण तोच आवाज, तेच हलणारं चित्र आणि फक्त मथळा बदललेले साठ व्हिडिओ असतील तर अर्ज फेटाळला जातो, कारण तपासणी एका व्हिडिओची नसते, अख्ख्या चॅनलची असते. पहिला नकार आला की पुन्हा अर्ज करायला ३० दिवस थांबावं लागतं. खरी वाटेल अशी कृत्रिम दृश्यं असतील तर अपलोड करताना तसं जाहीर करण्याचा पर्याय निवडावा लागतो. भारतातही फेब्रुवारी २०२६ पासून कृत्रिमरीत्या बनवलेल्या दृकश्राव्य कंटेंटवर तशी खूण असणं नियमाने बंधनकारक आहे. सिंहस्थाच्या गर्दीचे ‘ड्रोन शॉट’ एआयने बनवून टाकण्याचा मोह अनेकांना होईल. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. व्ह्यूज मिळतीलही, पण खूण न लावलेलं असं एक दृश्य अफवा म्हणून फिरलं तर चॅनल वाचवणं कठीण.

लहान मुलांच्या गोष्टी करणार असाल तर हा मार्ग जवळजवळ बंदच समजा. ‘मुलांसाठी बनवलेलं’ अशी नोंद असलेल्या चॅनलवर मेंबरशिप चालूच होत नाही, आणि अशा व्हिडिओंवर कमेंटही बंद असतात.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम आणि यूपीआय: पहिल्या पन्नासांसाठी आमचं मत याच बाजूने

इथे कुणाची परवानगी लागत नाही, किमान सबस्क्रायबर लागत नाहीत आणि यूपीआयने थेट घेतलेल्या २९९ रुपयांतले २९९ त्याच दिवशी खात्यात असतात. पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे घेऊन नोंद ठेवणारी सेवा) घेतले तर साधारण २% शुल्क आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे एका पेमेंटमागे सात रुपये जातात. किंमत पैशांत नाही, कष्टांत मोजावी लागते. कोणी भरले, कोणाची मुदत संपली, कोणाला ग्रुपमधून काढायचं, हे सगळं तुमच्या शीटवर.

त्या शीटमध्ये पाच रकाने पुरतात: नाव, मोबाइल, रक्कम, यूटीआर नंबर (प्रत्येक बँक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), मुदत संपण्याची तारीख. पेमेंटचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स बाजारात आहेत. यूटीआर बँकेच्या नोंदीशी जुळला तरच लिंक द्या. टेलिग्राममध्ये प्रायव्हेट चॅनलची लिंक एकाच वापरासाठी आणि एक दिवसाच्या मुदतीची बनवता येते, तशीच द्या. कायमची लिंक दिलीत तर ती आठवड्याभरात चार फुकट ग्रुपमध्ये सापडेल.

व्हॉट्सॲप की टेलिग्राम हे ग्राहकावर सोडा. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागायतदाराला टेलिग्राम डाउनलोड करायला सांगितलंत तर तो हो म्हणेल आणि करणार नाही. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेतला विद्यार्थी मात्र आधीपासून टेलिग्रामवरच असतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि महिला वर्गणीदार त्यामुळेच मागे हटतात. कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, तो वापरा. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भरवशावर राहू नका: मर्यादा २५६, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोचतच नाही. न विचारता शंभर जणांना ॲड केलंत, त्यातल्या काहींनी ‘रिपोर्ट’ दाबलं, तर नंबरच बंद होऊ शकतो.

दरमहा आपोआप पैसे कापणारा यूपीआय ऑटोपे आकर्षक वाटतो, पण सुरुवातीला टाळलेला बरा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि ती बघून बरेच जण तिथल्या तिथे मॅंडेट (पैसे कापण्याची दिलेली परवानगी) रद्द करतात; बाकीच्यांच्या खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते. त्यापेक्षा हंगामाची किंवा तीन महिन्यांची वर्गणी एकदम घ्या.

पेट्रिऑन: नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी नाही

४ ऑगस्ट २०२५ नंतर सुरू केलेल्या खात्यांवर पेट्रिऑनचं शुल्क १०% आहे, वर पेमेंटचं वेगळं. पाच डॉलरमधले सुमारे चार तुमच्याकडे येतात, आणि मग चलनबदलात थोडे जातात. वर्गणीदाराने आयफोनच्या ॲपमधून घेतलं तर ॲपलचा हिस्सा ३०% पर्यंत जाऊ शकतो, म्हणून लिंक नेहमी ब्राउझरमध्ये उघडायला सांगावी. पेपाल १ एप्रिल २०२१ पासून भारतात फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी चालतं. वर्गणीवर न्यूजलेटर पाठवणाऱ्या सबस्टॅकचा विचार डोक्यात असेल तर त्याचं पेमेंट स्ट्राइप या पेमेंट सेवेवर चालतं, आणि भारतात स्ट्राइप २०२४ पासून निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही.

तरीही एका प्रकारासाठी हाच मार्ग बरोबर आहे: परदेशातल्या मराठी आईवडिलांसाठी झोपतानाच्या गोष्टी. मुलाच्या कानावर मराठी पडावं म्हणून ते पाच डॉलर सहज देतात आणि कार्डाने दरमहा भरायची त्यांना सवयही असते. फक्त आवाजाकडे लक्ष द्या. मराठी वाचणाऱ्या एआय आवाजाला ‘ळ’ जड जातो, आणि ‘चाळ’मधला ‘च’ तो ‘चहा’मधल्यासारखा वाचतो. आजीच्या कडेवर वाढलेली आई हे पहिल्या मिनिटात ओळखते. स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरांत लिहा, अवघड शब्द बदला, आणि तरी जमेना तर तेवढी ओळ स्वतःच्या आवाजात घाला. आणखी एक गोष्ट: इलेव्हनलॅब्स किंवा सुनोच्या मोफत योजनेत बनवलेला आवाज वा संगीत विकता येत नाही. व्यावसायिक हक्क असलेली योजना घेतल्याशिवाय वर्गणी सुरू करू नका.

विषय कोणता: द्राक्ष की एमपीएससी?

हे दोन नाशिकमध्ये सर्वांत जास्त विचारले जातात, आणि दोन्हींचं वागणं वेगळं आहे.

द्राक्षाच्या माहितीला पैसे आहेत, कारण चुकीच्या एका दिवसाची किंमत बागायतदाराला ठाऊक असते. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत रोज सकाळी सहाला दोन मिनिटांचा ऑडिओ: तालुक्याचा हवामान अंदाज, पाऊस किंवा दव असेल तर डाऊनीचा धोका, थंडी वाढली की भुरीचा (दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग), आणि बाजारभाव. यातलं मसुदा लिहिणं, आवाज देणं, तालुक्यागणिक बदल करणं एआयने होतं. औषधाचं नाव आणि मात्रा मात्र एआयच्या उत्तरातून कधीही पुढे पाठवू नका. निर्यातीच्या द्राक्षाला शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर पाळावंच लागतं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीतली रसायनं आणि हे अंतर ‘परिशिष्ट ५’मध्ये देतं, आणि ती यादी सुधारत राहते. चॅटबॉट जुन्या यादीतला आकडा तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. द्राक्षात राहिलेला औषधाचा अंश मर्यादेबाहेर गेला की माल नाकारला जातो आणि बोट तुमच्या ऑडिओकडे येतं. ‘औषधासाठी तुमच्या सल्लागाराला विचारा’ एवढंच म्हणा. वर्गणीदार त्याने कमी होत नाहीत.

तोटा एकच: एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली की निम्मे लोक ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणतात. महिन्याची वर्गणी ठेवली तर दर एप्रिलला शून्यावर याल. ऑक्टोबर ते मार्च असा एकच हंगाम ४९९ ला विका.

एमपीएससीला उलटी परिस्थिती. विद्यार्थी वर्षभर असतात, पण चालू घडामोडींच्या फुकट पीडीएफचा पूर आहे, आणि वर्तमानपत्राची बातमी एआयने फिरवून लिहिलेली पीडीएफ विकणं हे हक्कांच्या दृष्टीनेही बरं नाही. इथे विकली जाते ती तपासणी. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. रोज एक प्रश्न द्यायचा, हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो घ्यायचा, मुद्दे सुटलेत का याची पहिली चाळणी एआयने करायची आणि शेरा माणसाने लिहायचा. मराठी हस्ताक्षर वाचताना एआय शब्दच्या शब्द गाळतं, त्यामुळे मूळ फोटो समोर ठेवल्याशिवाय गुण देऊ नका. एक माणूस रोज तीस उत्तरांवर नीट शेरे लिहू शकत नाही; पहिल्या तुकडीत वीसच घ्या आणि तसं आधीच सांगा.

पहिले पंधरा दिवस

चाळीस-पन्नास लोकांना पंधरा दिवस फुकट द्या, पण सोळाव्या दिवशी वर्गणी सुरू होणार हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. लोक मिळतात ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, सोसायटीच्या ग्रुपमध्ये, अभ्यासिकेच्या फलकावर. क्यूआर चिकटवलेलं एक पान तिथे इन्स्टाग्रामच्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येतं, कारण दुकानदार तोंडी दोन शब्द बोलतो. एआय वापरता हे लपवू नका. ‘मसुदा एआयचा, तपासणी आमची’ ही ओळ पहिल्या मेसेजमध्ये असू द्या.

बाराव्या दिवशी प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारा की यातलं काय उपयोगी पडलं. पंधरा दिवसांनी पन्नासांतले पाचही पैसे देत नसतील तर भाव कमी करून उपयोग नाही, कंटेंट बदला. पाच ते दहा देत असतील तर त्याच प्रकारची आणखी पन्नास माणसं शोधा. यूट्यूब तोवर थांबवायचं नाही: आठवड्याला एक व्हिडिओ जाऊ द्या, वर्णनात व्हॉट्सॲपची लिंक असू द्या.

साठ-सत्तर वर्गणीदारांनंतर यूटीआर जुळवण्यात रोजची सकाळ जायला लागते. तेव्हा पेमेंट गेटवे घ्या. त्याला पॅन, बँक खातं आणि एक साधं संकेतस्थळ लागतं, ज्यावर दर, अटी, पैसे परत करण्याचं धोरण आणि संपर्काचा पत्ता लिहिलेला असतो. परताव्याचं पान नसल्यामुळे अर्ज परत येणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा ते पान आधी बनवा.