प्लास्टिकचा स्टेंट की धातूचा? आक्रसलेल्या पित्तनलिकेसाठी निवड करताना

पित्ताशय काढून काही महिने झाले असताना डोळे पिवळे पडले, अंगाला खाज सुटली आणि मिरजेत केलेल्या एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत, मुख्य पित्तनलिका एका जागी आक्रसल्याचे दिसले. त्यावेळी माझ्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले : दर तीन महिन्यांनी प्लास्टिकचे स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणाऱ्या बारीक नळ्या, बदलत वर्षभर काढायचे, किंवा आवरण असलेला धातूचा एकच स्टेंट सहा ते बारा महिने ठेवून मग दुर्बिणीतून काढून घ्यायचा. मी आधी पहिला आणि पुढे दुसरा पर्याय घेतला.

प्लास्टिकचा स्टेंट पुष्कळ स्वस्त असतो आणि सामान्य घराला ही बाब लहान नाही. पित्तनलिका जेथे दुभंगते त्या फाट्याजवळही तो बसतो. तेथे आवरणाच्या धातूच्या स्टेंटने दुसऱ्या शाखेचे तोंड झाकले जाऊ शकते. मात्र प्लास्टिकच्या स्टेंटची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणून एकाशेजारी एक असे अनेक घालावे लागतात, आणि जंतूंचा थर व पित्ताचा गाळ साचून ते तुंबतात.

हे तुंबणेच मला असह्य झाले. तासगावजवळच्या आमच्या बागेत ऑक्टोबरची फळछाटणी चालू होती आणि स्टेंट बदलायच्या तारखेला अजून तीन आठवडे होते, तरी एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. असा जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकत असल्याने सकाळपर्यंत थांबण्याची सोय नसते. छाटणी मजुरांवर सोपवून रात्रीच मिरज गाठावी लागली. त्यानंतर साधी कणकण आली तरी घरातले सगळे थर्मामीटर घेऊन माझ्याभोवती जमत.

धातूचा स्टेंट उघडल्यावर आठ ते दहा मिलिमीटर रुंद होतो. तो महाग आहे, क्वचित जागेवरून सरकतो, आणि पित्ताशय शाबूत असेल तर त्याचे तोंड झाकले जाऊन सूज येण्याचा धोका असतो. माझे तर काढलेलेच होते. मला पहिले चार-पाच दिवस पोटात दुखले, पण पुढच्या नऊ महिन्यांत एकदाही रात्री धावपळ करावी लागली नाही.

एकाच्या अनुभवावरून सर्वांचे ठरवू नये, हे मला मान्य आहे. आक्रसण्यामागे स्वादुपिंडाची जुनी सूज किंवा कर्करोगही असू शकतो, आणि ब्रशने घेतलेल्या नमुन्यात वाईट पेशी दिसल्या नाहीत म्हणून शंका मिटत नाही. पित्ताशय काढताना नलिका पूर्ण कापली गेली असेल, तर ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते. परंतु दोष साधा असेल, फाट्याच्या खाली असेल आणि पित्ताशय काढलेले असेल, तर डॉक्टरांकडे धातूच्या स्टेंटची चौकशी आधी करावी, असे मला वाटते. खर्चामुळे प्लास्टिकचाच घ्यावा लागला, तर बदलण्याची तारीख छाटणीच्या आधीची मागून घ्यावी.