आकाशी काइक्यो पूल: बांधणीला पैकीच्या पैकी, सोयीला हात आखडता

जपानच्या कोबे शहराला आवाजी बेटाशी जोडणारा हा झुलता पूल ५ एप्रिल १९९८ला सुरू झाला. मधला गाळा १,९९१ मीटर. आराखड्यात १,९९० होता! जानेवारी १९९५च्या भूकंपात मनोऱ्यांखालची जमीनच सरकली. नशिबाने तेव्हा केबल ओढून झाल्या होत्या, रस्त्याचा सांगाडा टांगायचा होता. म्हणून त्याच्या मापांत फेरफार करून निभावलं.

खरी करामत केबलमध्ये आहे. जाडी १.१२ मीटर, आत ५.२३ मिलिमीटरच्या ३६,८३० तारा. या पुलासाठी तारेचं पोलाद जास्त ताकदीचं बनवलं, म्हणून एकेका बाजूला दोनऐवजी एकच केबल पुरली. तिचा वैरी गंज. वरून रंग कितीही चोपडा, आत अडकलेलं पाणी तारा खातंच. इथे रबरी वेष्टणाच्या आत कोरडी हवा सोडतात. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली की गंज जवळपास थांबतो. पुढे इतर देशांतल्या जुन्या पुलांनाही ही सोय बसवावी लागली. वाऱ्याला तोंड द्यायला रस्त्याखाली १४ मीटर उंचीचा ट्रस, म्हणजे पोलादी त्रिकोणांचा सांगाडा आहे, आणि रस्त्यात जाळ्या ठेवल्यात, म्हणजे खालचा-वरचा दाब सारखा राहून सांगाडा पिळवटत नाही.

आता वापर. पायी, सायकलने किंवा १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीने पूल ओलांडता येत नाही. रेल्वेही नाही, मूळ बेतात होती, १९८५मध्ये वगळली. पाहायचाच असेल तर कोबेकडच्या माइको बाजूला समुद्रापासून ४७ मीटरवर काचेच्या जमिनीची गॅलरी आहे. मनोऱ्यावर २८९ मीटरपर्यंत नेणारी सहल आधी नोंदवावी लागते. मनोऱ्यापर्यंत देखभालीच्या जाळीदार वाटेने चालायचं असतं, खाली थेट पाणी दिसतं. उंचीची भीती असेल तर गॅलरीच बरी.

परिसरावरचा परिणाम दुधारी. आवाजी बेटाला पलीकडच्या शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांताशी जोडणारा नारुतोचा पूल १९८५पासून होताच, त्यामुळे १९९८नंतर तोकुशिमाहून कोबे-ओसाकाला थेट रस्ता झाला. भाजीपाला झटपट बाजारात जाऊ लागला, पण गिऱ्हाईकही त्याच रस्त्याने बाहेर गेलं. मोठं शहर स्ट्रॉने ओढावं तसं लहान गावाचं गिऱ्हाईक ओढून घेतं, म्हणून जपानीत याला ‘स्ट्रॉ परिणाम’ म्हणतात. २०२०मध्ये तोकुशिमातलं शेवटचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं. सगळा दोष पुलाचा नाही, वाटा मात्र आहे. आकाशी शहर ते आवाजीवरचं इवाया अशी गाड्या नेणारी फेरीबोटही २०१०मध्ये थांबली. सायकलवाल्यांना आता त्याच मार्गावरची छोटी प्रवासी बोट धरावी लागते.