पेडल हाताशी, बटण पायाशी: डिस्टॉर्शनला घरगुती फूटस्विच, काही महिने वापरल्यानंतर

आधी गरज काय होती ते सांगतो, नाहीतर गिटारचा आवाज जाड, फाटल्यासारखा करणाऱ्या चांगल्या डिस्टॉर्शन पेडलला भोक कशाला पाडलं असं वाटेल. मी ठाण्यात ऑर्केस्ट्रात वाजवतो, हौशीच म्हणा, गणपती-नवरात्रात सोसायट्यांचे कार्यक्रम आणि अधूनमधून एखादं लग्न. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला खुर्चीत बसून वाजवतो, समोर नोटेशनचा स्टँड, बाजूला ऑक्टोपॅडवाल्याच्या (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवाल्याच्या) वायरींचं जंगल, आणि एका गाण्यात पंचमचा कडक लीड तर लगेच पुढे लावणी. दर गाण्याला गेन (आवाज किती फाटावा) आणि टोन बदलायचा तर पेडल जमिनीवर असल्यावर मांडीतली गिटार सांभाळत वाकायचं, आणि स्टुलावर ठेवलं तर पायाने दाबणार कसं? म्हणून हा जुगाड: पेडल स्टुलावर हाताशी, आणि ते चालू-बंद करायचं वेगळं बटण, म्हणजे फूटस्विच, केबलने जोडून पायाशी.

पेडल बॉसचं डीएस-१, १९७८ पासून चालत आलेलं तेच नारिंगी. ह्या जातीच्या पेडलमध्ये आपण पाय ठेवतो त्या पट्टीखाली एक पिटुकला टॅक्ट स्विच (दाबेपर्यंतच जुळणारं बटण) असतो. गिटारचा आवाज त्यातून जातच नाही, तो फक्त आतल्या फ्लिप-फ्लॉपला (दर टिचकीला चालूचं बंद, बंदचं चालू करणाऱ्या सर्किटला) टिचकी मारतो, पुढचं चालू-बंद एफईटी, म्हणजे एक प्रकारचे ट्रान्झिस्टर, करतात. म्हणजे त्या स्विचच्या दोन टोकांना समांतर दोन वायरी जोडून बाहेर जॅक काढला की काम झालं, ऑडिओला हात लावायचाच नाही, आणि पेडलचं स्वतःचं बटणही पूर्वीसारखंच चालतं. पण तुमच्याकडे थ्री-पीडीटी स्टॉम्प स्विचवालं (पायाने दाबायच्या कडक खटक्याचं) ट्रू बायपास पेडल, म्हणजे बंद असताना गिटारचा आवाज सर्किट टाळून थेट पुढे सोडणारं, असेल तर हे विसरा, तिथे सिग्नलच स्विचमधून फिरतो, वेगळं रिले सर्किट लागतं, ते मी केलेलं नाही.

जॅकला जागा मिळाली ती बॅटरीच्या खणात. नऊ व्होल्टची बॅटरी मी कधीच लावत नाही, अडॅप्टरवरच चालतं, त्यामुळे त्याचं दुःख नाही. जॅक मात्र प्लास्टिक बॉडीचाच घ्या. पेडलचं कव्हर धातूचं आणि ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) जोडलेलं असतं, स्विचचं कुठलं टोक ग्राउंडला जातंय ते मल्टिमीटरने बघत बसण्यापेक्षा जॅक कव्हरपासून अलगच राहिलेला बरा. भोक वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल प्रेसवर पाडून घेतलं, ओतीव अ‍ॅल्युमिनियमला घरचं हँड ड्रिल लावायची माझी हिंमत नव्हती, त्याने आधी बारीक भोक मग मोठं असं करत दोन मिनिटांत दिलं आणि पैसेही घेईना.

पायाचा डबा म्हणजे भिंतीत स्विचबोर्डसाठी गाडतात तो जीआयचा (गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा) मॉड्यूलर बॉक्स, उलटा करून खाली प्लायवुड आणि रबरी बूच. ह्याचं रेडिमेड डब्यापेक्षा मला जास्त कौतुक आहे, कारण बाजूला वायरीसाठी नॉकआउट (ठोकल्यावर निघणाऱ्या गोल चकत्या) आधीच असतात, एक ठोकून पाडलं, जॅकसाठी थोडं घासलं की झालं. स्विच, जॅक, वायर सगळं मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून आणलं, ट्रेनचं तिकीट धरूनही पाचशेच्या आत.

आता वापराबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं, स्विच मोमेंटरी हवा, दाबला की जुळतो आणि सोडला की सुटतो तो. दुकानदार सवयीने लॅचिंग, म्हणजे एकदा दाबला की जुळलेलाच राहणारा, काढून देतात. तो लावलात तर एकदा दाबल्यावर पेडल बदलेल, पुन्हा दाबल्यावर काहीच होणार नाही, तिसऱ्यांदा परत बदलेल, आणि लॅच बसलेला असेल तोवर पेडलवरचं बटणही मेलेलं, कारण तो आतून शॉर्टच धरून बसतो. तयार घ्यायचा तर बॉसचा एफएस-५यू मोमेंटरी आहे, एफएस-५एल लॅचिंग, एका अक्षरात फसाल.

केबलची मात्र फार चिंता नको, मी तीन मीटरची साधी गिटार केबलच वापरतो, आवाज त्यातून जात नाही म्हणून टोन पडायचा प्रश्नच नाही. पेडल आता स्टँडशेजारी स्टुलावर, तिन्ही नॉब हाताखाली, लाल एलईडी डोळ्यासमोर, त्यामुळे लीडच्या आधी चालू आहे की नाही हे खाली मान घालून शोधावं लागत नाही. अंतऱ्याच्या म्युझिकमध्ये हात मोकळा झाला की लेव्हल थोडी खाली घेतो, हे आधी जमतच नव्हतं आणि खरं सांगायचं तर सगळा फायदा ह्यातच आहे.

त्रास झाला तो पावसाळ्यात. डबा खालून पूर्ण बंद नाही आणि ठाण्याची जुलैतली हवा तुम्हाला माहितीये, स्विचचे काँटॅक्ट खराब होऊन एकदा दाबलं की इफेक्ट लागून लगेच सुटायचा. काँटॅक्ट क्लीनर मारून काही दिवस निघाले, मग स्विचच बदलला, थोडा बरा घेतला, तेव्हापासून शांत. दुसरं म्हणजे स्टॉम्प स्विचचा खटका. सोलो गायकाच्या हळू ओळीत पुढच्या रांगेला ऐकू जातो, पुन्हा करेन तेव्हा मऊ दाबाचाच घेईन.

वॉरंटी अर्थातच गेली, नवीन पेडल असेल तर विचार करून उघडा. डिलेचं (आवाज प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं) पेडल घेताना मात्र बाहेरच्या स्विचचा जॅक असलेलंच घ्या, बॉसच्या डीडी-८ ला तो मुळातच आहे, ड्रिलची भानगडच नाही.

आणि स्पेअर म्हणून कीबोर्डवाल्याचं सस्टेन पेडल (सूर लांबवायला पायाने दाबतात ते) चालतं, पण पोलॅरिटी, म्हणजे दाबल्यावर जुळायचं की सुटायचं ते, बदलायची पट्टी असलेलं बघा. काही कंपन्यांचं सस्टेन न दाबता जुळलेलं असतं, मग पाय उचलल्यावर डिस्टॉर्शन लागतं आणि लीडची पहिली नोट क्लीनच, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, निघते.