खटक्याच्या कुलपाची बॅग: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी चेन नसलेली, ॲल्युमिनियमच्या चौकटीची आणि दोन खटक्यांच्या कुलपांनी बंद होणारी मोठी प्रवासी बॅग घेतली. दुकानदाराने झाकण मिटवून दोन्ही पट्ट्या तळव्याने दाबल्या, खट्ट असा घसघशीत आवाज झाला आणि तो म्हणाला, "वाजलं की बसलं, साहेब." भोसरीच्या एका टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या कार्यशाळेत) माझी बावीस वर्षे गेली असूनही तो आवाज ऐकून मी पैसे मोजले, हे आधीच कबूल करतो. त्या वाक्यात कितपत तथ्य आहे हे समजायला मला तीन महिने लागले. बॅगेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या पद्धतीच्या बहुतेक कुलपांना लागू पडावे.

चेनची बॅग सोडण्याचे कारण साधे होते. चेनचे दात बॉलपेनच्या टोकानेही विलग होतात, आणि रनर पुन्हा एकदा फिरवला की चेन जणू काही घडलेच नाही अशी मिटते; तिला लावलेले कुलूप तसेच्या तसे राहते. चौकटीच्या बॅगेत ही पळवाट नाही. मात्र त्याची किंमत वजनात मोजावी लागते. माझी जुनी चेनची बॅग ३.३ किलोची होती, ही ४.८ किलोची आहे. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान नेऊ देतात, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश वजन मी नुसत्या बॅगेचेच वाहतो.

आता मुख्य यंत्रणेकडे वळतो. झाकणाच्या कडेला बिजागरीवर एक पट्टी आहे आणि तिच्या टोकाच्या आकड्यात चौकोनी भोक आहे. खालच्या अंगात एक जीभ आडवी सरकते आणि तिच्या मागे दाबाची छोटी स्प्रिंग आहे. जिभेची वरची बाजू ४५ अंशांत उतरती घासलेली आहे, तर खालची बाजू सपाट आहे. पट्टी खाली दाबली की आकड्याची कड उतारावर टेकते, खाली येणारा जोर उतारामुळे आडवा वळतो, जीभ मागे सरकते, स्प्रिंग दबते. आणि भोक जिभेसमोर आले की स्प्रिंग तिला पुढे ढकलून भोकात घुसवते. उलट दिशेने मात्र पट्टी कितीही ओढली तरी ओढ सपाट बाजूवर पडते आणि जीभ ज्या दिशेने सरकते तिच्याशी काटकोनात राहते, त्यामुळे नुसत्या ओढीने खटका उघडत नाही. उघडायचे असेल तर अंगठ्याने बटण सरकवून जीभच मागे घ्यावी लागते. मग पट्टीच्या बिजागरीतली पिळाची स्प्रिंग पट्टीला टणकन वर उडवते. ऐंशीच्या दशकात लग्नाच्या आहेरात हमखास येणाऱ्या व्हीआयपीच्या कडक सुटकेसांची बाजूला सरकणारी बटणे ज्यांना आठवत असतील, त्यांना हे तत्त्व बोटांनीच ठाऊक आहे.

नवी असताना मी व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजमापे घेतली होती. जीभ भोकात पूर्ण शिरली तर ३ मिलिमीटर शिरते. बॅगा तोलायचा काटा बटणाला अडकवून ओढल्यावर जीभ साधारण अर्ध्या किलोच्या जोराला हलू लागते आणि एक किलोच्या आसपास पूर्ण मागे जाते. घर्षण धरले तर ४५ अंशांच्या उतारावर पट्टी दाबायला याच्या दीडपट जोर पुरतो, म्हणजे हे काम एका हाताच्या तळव्याने सहज होते. रिकाम्या बॅगेवर या खटक्याची चाल अतिशय सुखद आहे आणि पहिले दोन महिने मी सर्वांना त्याचे कौतुकच सांगत होतो.

सप्टेंबरमध्ये गणपती आटोपून आम्ही कुडाळहून परतत होतो. बॅगेत चार नारळ, सोललेल्या सुपाऱ्यांची पिशवी, दोन इरकली साड्या आणि टॉवेलात गुंडाळलेली कोकमाच्या आगळाची बाटली एवढा ऐवज होता. झाकणावर धाकट्या मुलाला बसवून बॅग बंद केली होती. दोन्ही पट्ट्या वाजल्या होत्या. पनवेलला पुलाच्या पायऱ्या चढताना बॅग एका पायरीवर आपटली, डावी पट्टी उडाली आणि झाकण त्या बाजूने विचकले. उजव्या पट्टीने तग धरला म्हणून आगळ वाचले. एक नारळ मात्र गडगडत खाली गेला आणि एका हमालाने तो पायाने अडवून हसत परत आणून दिला.

घरी आल्यावर तेवढेच सामान पुन्हा भरून मी चाचणी घेतली. साचा जुळवताना आम्ही निळी शाई लावतो, तशी मार्करची शाई जिभेच्या खालच्या बाजूला लावली, पट्टी वाजेपर्यंत दाबली, बॅग थोडी हलवली आणि उघडून शाई कुठवर घासली गेली ते पाहिले. उजव्या जिभेवर घासलेला पट्टा २.६ मिलिमीटर होता, डाव्या जिभेवर जेमतेम ०.८. म्हणजे डावा खटका लागलेला नव्हता, तो नुसता टेकलेला होता. त्यानंतर मी बटण मागे ओढून धरले, म्हणजे जीभ पूर्ण मागे, भोकाबाहेर ठेवली, आणि पट्टी खाली आपटली. आवाज हुबेहूब तोच आला. खट्ट हा आवाज मुख्यतः पट्टी खालच्या तबकडीवर आदळल्याचा असतो. जिभेचा स्वतःचा आवाज त्यापुढे इतका क्षीण आहे की स्टेशनवर तो कुणाच्या कानापर्यंत पोहोचणार नाही.

जीभ अर्धवट का राहते, याचे उत्तर स्प्रिंगच्या अशक्तपणात आहे असे प्रथम वाटते; पण ती स्प्रिंग त्या वेळी ठीक होती. खरी अडचण घर्षणाची आहे. ठासून भरलेल्या बॅगेचे झाकण पट्टीला वर ओढत असते. ती ओढ १५ किलो धरू आणि धातूवर धातू घासण्याचा गुणांक ०.२ धरू, जीभ आकड्याशी एकदा आणि स्वतःच्या खोबणीशी एकदा घासते, तेव्हा तिला हलू न देणारा जोर सहा किलोच्या घरात जातो. स्प्रिंगकडे आहे अर्धा ते एक किलो. म्हणजे जीभ पूर्ण शिरण्याआधीच आकड्याची कड तिच्यावर टेकली, तर ती असेल तिथे चिमटली जाते आणि स्प्रिंगला पुढे काहीही करता येत नाही. हे टाळायचे असेल तर पट्टी दाबताना भोक जिभेच्या थोडे खाली उतरायला हवे, म्हणजे जीभ मोकळी पुढे येईल आणि ओढ नंतर पडेल. आमच्या भाषेत याला जादा चाल म्हणतात. या बॅगेत ती अवघी अर्धा मिलिमीटर आहे, कारण चौकटीतली रबरी पट्टी त्याआधीच दबून संपते. त्यात झाकण एका बाजूने फुगले की ते किंचित पिळले जाते, भोक तिरपे होते आणि ती अर्ध्या मिलिमीटरची सवलतही एका कोपऱ्यात उरत नाही. ज्याने हा खटका आखला त्याने तो बहुधा रिकाम्या बॅगेवर आखला असावा. एक मिलिमीटर जादा चाल आणि उघड्या स्थितीत दिसणारा लाल ठिपका, एवढे दोन बदल केले असते तर मला हा मजकूर लिहावा लागला नसता.

तेव्हापासून मी पट्टी आपटत नाही. झाकण खटक्याच्या अगदी शेजारी गुडघ्याने दाबतो, पट्टी तळव्याने दाबून क्षणभर तशीच धरतो, मग हळूच सोडतो आणि शेवटी नखाने पट्टीची कड उचलून पाहतो. या पद्धतीने शाईचा पट्टा दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटरच्या वर येतो.

ऑक्टोबरमध्ये आईने, मी घरी नसताना, "कुलूप करकरतंय" म्हणून दोन्ही खटक्यांत खोबरेल तेल सोडले. दिवाळीपर्यंत खटका लोण्यासारखा चालला. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरच्या लग्नाला निघताना पहाटे पाच वाजता जीभ आळसावल्यासारखी हलू लागली आणि सकाळी अकरानंतर आपोआप सुधारली. दोन दिवस हे कोडे उलगडेना. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात गोठलेली खोबरेलाची बाटली दिसली. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि पुण्याच्या थंडीत ते जिभेच्या खोबणीतही गोठणारच. शिवाय त्यात साड्यांचे तंतू आणि प्लॅटफॉर्मवरची धूळ मिसळून काळा लगदा झाला होता. थिनरने सगळे धुऊन काढल्यावर मी पेन्सिलीचे शिसे बारीक करून खोबणीत फुंकले. आईला यातले शास्त्र पटले आहे, पण पेन्सिल पटलेली नाही.

साफसफाई करताना दिसले की डावी स्प्रिंग गंजली आहे. खटक्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचे आणि वरून चकचकीत मुलामा दिलेले आहे, तर आतली स्प्रिंग साध्या पोलादी तारेची आहे. कोकणातली खारी, दमट हवा एका खेपेत तिला पुरली. जानेवारीत तिचा एक वेढा तुटला. सेवा केंद्राने स्प्रिंग सुटी मिळत नाही, बॅग पाठवा, अख्खे कुलूप बदलू, असे सांगितले. कोपऱ्यावरच्या बॅगदुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत स्प्रिंग बसवून दिली आणि खटका छान वाजलाही. पण काट्यावर जोर भरला जेमतेम शंभर ग्रॅम. उघडून पाहिले तर आत बॉलपेनची स्प्रिंग होती.

हा फरक तारेच्या जाडीतला आहे. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. मूळ तार ०.६ मिलिमीटरची, पेनच्या स्प्रिंगची ०.४, वेढे आणि घेर सारखेच धरले तरी ताठपणा पाचव्या हिश्श्यावर येतो. उलट ०.७ची तार घातली असती तर तो सुमारे १.८५ पट झाला असता आणि आईच्या अंगठ्याला बटण सरकले नसते. अखेरीस रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तासभर फिरून ०.६ तारेच्या, स्टेनलेसच्या, मूळ मापाच्या स्प्रिंगा मिळाल्या. स्टेनलेसचा ताठपणा साध्या पोलादापेक्षा थोडा कमी भरतो, तो फरक मी स्प्रिंगेमागे एक पातळ वॉशर घालून भरून काढला. अस्तराच्या आतले दोन स्क्रू काढले की खटका हातात येतो. रिव्हेट मारलेल्या बॅगेत हे जमले नसते, म्हणून घेण्याआधी अस्तर बाजूला करून पाहावे.

आकड्यांच्या चक्रांबद्दल थोडक्यात लिहितो. प्रत्येक खटक्याला तीन चक्रे आहेत, म्हणजे १००० जुळण्या होतात. दोन खटके म्हणजे दहा लाख जुळण्या, असे दुकानदार सांगत होता. ते चूक आहे, कारण दोन्ही खटके स्वतंत्रपणे उघडतात आणि फार तर २००० प्रयत्न पुरतात. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर एक खटका ५० मिनिटांत उघडेल. चक्रे जिभेला अडवत नाहीत, फक्त बटणाला अडवतात. त्यामुळे आकडे विस्कटलेले असतानाही पट्टी दाबून बंद करता येते, ही सोय आहे. पण जीभ तेव्हाही केवळ स्प्रिंगच्याच जोरावर उभी असते. फटीतून तिच्यापर्यंत पोहोचता येते का, हे मी ०.२ मिलिमीटरच्या फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्याने) पाहिले. चौकटीची कड ओठासारखी आड येते आणि पाते आत जात नाही. हे काम मात्र चोख केलेले आहे.

खटक्यावर लाल शंकरपाळ्यासारखी खूण आणि ००७ असा आकडा असलेले किल्लीचे भोक आहे. त्याची किल्ली आपल्याला मिळत नाही. ती अमेरिकेच्या विमानतळावरील तपासणी यंत्रणेकडे असते. त्या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात छापले गेले आणि २०१५ मध्ये त्यांचे त्रिमितीय छपाईचे आराखडे इंटरनेटवर आले. त्यामुळे ती सोय कुलूप फोडले जाऊ नये एवढ्यापुरतीच समजावी. कुडाळच्या गाडीत मी बॅग आसनाखालच्या कडीला साखळीनेच बांधतो.

उजव्या खटक्यात अजून मूळचीच स्प्रिंग आहे. परवा उघडून पाहिले, तर शेवटच्या दोन वेढ्यांवर तांबूस छटा आली आहे. बोहरी आळीतून आणलेल्या सहा स्प्रिंगांपैकी पाच शिल्लक आहेत. येत्या रविवारी त्यांतली एक उजव्या खटक्यात जाईल.