मॉन्टेसरी की प्रकल्पवाली शाळा? एका घरातले दोन अनुभव

आमच्या घरात दोन्ही झालंय. थोरला चिरंजीव शिशुगटापासून प्रकल्पांवर चालणाऱ्या शाळेत आहे, आता पाचवीत. धाकटीला अडीच वर्षांची असताना मॉन्टेसरीत घातली, ती येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. त्यामुळे प्रवेशाचे दिवस आले की सोसायटीत कुणीतरी मला गाठतंच. दोन्ही शाळा मराठी माध्यमाच्या, दोन्हीकडे बाईंना ताई म्हणतात, मारणं-ओरडणं नाही, परीक्षा नाही. ते सगळं सारखंच, म्हणून सोडून देतो.

मूळचं भांडण जुनं आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने 1896 मध्ये शिकागोत एक शाळा काढली. तिथे मुलं स्वयंपाक करत, विणत, करवत चालवत आणि त्यातूनच हिशेब, विज्ञान, इतिहास यांच्याकडे जात. शाळा म्हणजे एक लहानसा समाज, ही त्याची भूमिका. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया मॉन्टेसरींनी ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. बाई पेशाने डॉक्टर. आधी मुलाकडे नीट पाहा, योग्य साधन त्याच्या हाताशी ठेवा आणि मग स्वतः बाजूला व्हा, असा त्यांचा बाणा. ड्यूईचा शिष्य किलपॅट्रिक याने 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीवर गाजलेला निबंध लिहिला. त्याच्या चार वर्षं आधी याच गृहस्थाने मॉन्टेसरींवर टीका करणारं अख्खं पुस्तक लिहून ठेवलं होतं. साधनं ठरीव आहेत आणि कल्पनेला वाव कमी आहे, हा त्यातला एक आक्षेप.

तो आक्षेप खोटा नाही, हे मी कबूल करतो. मॉन्टेसरीतलं एक साधन म्हणजे गुलाबी मनोरा. त्याचे एकावर एक रचायचे दहा ठोकळे असतात, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. धाकटीने एकदा ते ओळीत लावले आणि लोकल सोडली. खडकी गेलं, शिवाजीनगर आलं. ताईंनी काही न बोलता डबे उचलले आणि पुन्हा मनोरा रचून दाखवला. मी खिडकीतून बघत होतो. जरा तुटलं आत. घरी तिने वाट्यांची गाडी केली, तिथे कोण अडवतंय म्हणा.

उलट थोरल्याच्या शाळेतले ‘मंडई’ प्रकल्पाचे दोन आठवडे मी विसरणार नाही. मुलं महात्मा फुले मंडईत जाऊन आली. पावशेर म्हणजे किती, वाटा लावतात म्हणजे काय, सकाळची मेथी संध्याकाळी स्वस्त का होते, हे त्याने तिथे उभं राहून विचारलं. पुढचा महिनाभर माझ्या पिशवीतली प्रत्येक भाजी त्याने हातावर तोलली. ही गोष्ट कुठल्याही लाकडी ठोकळ्याने झाली नसती.

पण मग गुरुवारी रात्री पालकांच्या ग्रुपवर निरोप आला. सोमवारी प्रदर्शन, प्रत्येकाने घरून मंडईची प्रतिकृती आणावी.

मी शनिवारी बोहरी आळीत जाऊन पुठ्ठा आणला. रविवारी जेवणानंतर बसलो. मंडईचा मधला मनोरा अष्टकोनी आहे, हे पुण्यात जन्म काढूनही मला त्या रात्री कळलं. प्रत्येक वळणाला 45 अंश धरले तरच आठवी भिंत पहिलीला येऊन भिडते, हेही कळलं, तिसरा पुठ्ठा वाया गेल्यावर. चिरंजीव नऊ वाजताच झोपले होते. करून शिकणं झालं, फक्त शिकणारा चुकला.

प्रदर्शनात एका ओळीत मंडया मांडल्या होत्या, सगळ्या चाळिशीतल्या हातांच्या. एकीत दिवे लागत होते, तिच्याभोवती गर्दी. आमचा मुलगा आमच्या मंडईपुढे उभा राहून आईने लिहून दिलेल्या आठ ओळी धडाधडा म्हणत होता. 1886 साली बांधली, आधीचं नाव रे मार्केट, वगैरे. ज्या घोकंपट्टीला टाळायला ही शाळा निवडली, ती सजून-धजून परत आली होती. भाजी हातावर तोलणारा मुलगा त्या प्रदर्शनात कुठेच नव्हता. त्याच वर्षी आम्ही पाणचक्की, वाडा आणि वेताळ टेकडीसुद्धा केली. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि बायको.

ड्यूईला हे पटलं नसतं, त्याच्याकडे करवत मुलांच्याच हातात होती, आणि तीही शाळेत. त्यामुळे दोष तत्त्वाचा नाही, असं म्हणता येईल. पण मला वाटतं, तत्त्वातही एक फट आहे. प्रकल्प बरा झाला की नाही हे शेवटी मोठ्यांच्या डोळ्यांनी ठरतं. डोळे मोठ्यांचे आले की हातही मोठ्यांचे येतात.

मॉन्टेसरीत दट्ट्यांची पेटी असते. लाकडात वेगवेगळ्या मापांच्या दहा खाचा, त्यांत बसणारे दहा दट्टे. एक जरी चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि बसत नाही. धाकटीने एका सकाळी चार वेळा सगळे काढले आणि चार वेळा बसवले. कुणी ‘चुकलं’ म्हणालं नाही, ‘शाब्बास’ही नाही. पाचव्यांदा बसले तेव्हा तिने पेटी उचलून जागेवर ठेवली आणि पाणी प्यायला गेली. माझ्यासाठी काम असं काही उरलंच नाही. माझा कौल तिथेच पडला, खरं सांगायचं तर.

हा एका घराचा अनुभव आहे. सगळं वर्गातच पुरं करून घेणाऱ्या प्रकल्पवाल्या शाळाही असतील, तशी मिळाली तर माझा मुद्दा निम्मा गळतो. बोलघेवडं, चार जणांत फुलणारं पोर असेल तर अशा शाळेचा विचार जरूर करा. आणि ‘मॉन्टेसरी’ ही पाटी कुणीही लावू शकतो. आत प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि अ-आ-ई चे तक्ते एवढंच दिसलं तर परत फिरा. अडीच ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत आहेत का, सकाळचे दोन-तीन तास मध्ये घंटा न वाजता सलग मिळतात का, आणि प्रत्येक साधनाचा एकच संच आहे का, हे बघा. एकच असेल तर मुलाला थांबावं लागतं, ते मुद्दामच असतं.

साधनं महाग, म्हणून फीही चढी, ही तक्रार रास्त आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांना ती फार आधी दिसली होती. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी बिया, शिंपले, खडे यांच्यावर काम भागवलं आणि बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. तेव्हा ठोकळे कुठल्या लाकडाचे आहेत यावर फार जाऊ नका.

सहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र उरतो. त्यापुढे मॉन्टेसरीची वाट पुण्यातही अरुंद होत जाते. धाकटीसाठी मी परवा थोरल्याच्याच शाळेचा फॉर्म आणला, मंडईतली ती सकाळ तिलाही मिळावी म्हणून. फॉर्मवर ‘पालकांची विशेष कौशल्ये’ असा एक रकाना आहे. तो मी कोरा सोडलाय.