मोटरहोमची १०० एएच लिथियम बॅटरी, दीड वर्ष वापरून

लेझर बॅटरी म्हणलं की आईला फोनवर लेसर किरणवालं काहीतरी वाटतं, पण ही साधी फुरसतीवाली लेझर, म्हणजे इंजिन स्टार्ट करायची नाही तर मागच्या घरातले दिवे, पाण्याचा पंप, हीटर, फ्रीज चालवायची बॅटरी. आम्ही लीड्सला राहतो, गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यात ११० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठतं ते) लेड ॲसिड होती आणि ती मी स्वतःच्या हाताने मारली. सगळी थंडी गाडी दारात उभी, अलार्म आणि ट्रॅकर थेंब थेंब करंट पितायत आणि मी चार्ज लावलाच नाही. मग फेब्रुवारीत लेक डिस्ट्रिक्टला, रात्री २ वाजता डिझेल हीटर सुरू व्हायला गेला, त्याचा ग्लो प्लग सुरुवातीला ८-१० अँपिअर ओढतो, पंखा जरा फिरला की लगेच एरर. तीनदा तेच. पोरगी जॅकेट घालून झोपली. सकाळी मल्टिमीटर लावला तर ११.७ व्होल्ट. फुल असती तर १२.७ पाहिजे आणि १२.२ च्या खाली पडू द्यायचीच नाही, प्लेटवर सल्फेट धरतं आणि मग कपॅसिटी परत येत नाही. सांगलीला बाबा दर दोन महिन्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, मी नुसता बघायचो, शिकलो काहीच नाही!

मग लिथियम घेतली (लिथियम आयर्न फॉस्फेट), २९० पौंडाला. वजन १२ किलो, जुनी जवळपास दुप्पट होती. लेड ॲसिडचे निम्मेच वापरायचे, हिचे ९० एएच बिनधास्त. कॉम्प्रेसर फ्रीजसकट दोन रात्री हुकअपशिवाय (कॅम्पसाइटची वीज न जोडता) आरामात निघतात, त्याला फुल मार्क.

पण दुकानदार म्हणाला जुनी काढा नवी लावा, बाकी काही करायचं नाही, ते साफ खोटं. आमची गाडी युरो ६ ची (युरोपच्या प्रदूषण नियमांतली), तिचा आल्टरनेटर स्मार्ट, स्टार्टर बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या जुन्या रिलेमधून मागे काही जातच नव्हतं, स्कॉटलंडपर्यंत चार तास गाडी चालवून बॅटरी होती तिथेच. ३० अँपिअरचा बी-टू-बी (पुढच्या बॅटरीकडून घेऊन मागची भरणारा) चार्जर बसवावा लागला, अजून २२० पौंड गेले. हुकअपच्या चार्जरला लिथियमचं सेटिंग आहे का तेही आधी बघा, आमच्याला नशिबाने होतं.

आणि गाडीतल्या पॅनेलवरच्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ १३.२ च्या आसपासच बसून राहतं आणि शेवटी धाडकन पडतं, त्या दिव्याला सगळं फुलच वाटतं. शंटवाला (बॅटरीतून किती करंट आला-गेला ते मोजणारा) मॉनिटर लावलात तर खरे टक्के दिसतात.

तापमान शून्याच्या खाली गेलं की ही चार्ज घेत नाही, बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षण सर्किट) अडवतं. आमची सीटखाली आत आहे म्हणून चालतं, बाहेरच्या लॉकरमध्ये असेल तर आत हीटर असलेली बॅटरीच घ्या. यंदा थंडीत ६० टक्क्यांवर आणून वायर काढून ठेवली, मार्चमध्ये जोडली तर मॉनिटर ५८ दाखवत होता. वर्षभर हुकअपवरच कॅम्प करणारे असाल तर मात्र एवढा खर्च करू नका, चांगली एजीएम (पाणी घालावं न लागणारी बंद लेड ॲसिड) घ्या आणि महिन्यातून एकदा रात्रभर चार्जला लावा.